सत्तेला ‘नाही’ कोण म्हणणार? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

मागच्या अंकात राज्यघटना या विषयावर दोन पानं लिहिली होती, त्यावर इतके मेल आणि मेसेज आलेत की सगळ्यांना उत्तर द्यायचं तर अख्खा अंक लागेल. त्यामुळे सारखे प्रश्न एकत्र केलेत आणि नावं काढून टाकलीत. वाचताना जाणवलं की बहुतेक प्रश्न फिरून फिरून एकाच ठिकाणी येतायत, म्हणजे सत्तेवर बसलेल्याला कुणीतरी ‘नाही’ म्हणायला हवं हे सगळ्यांना पटतंय, पण ते म्हणणार कोण आणि म्हटलं तर तो ऐकणार का, हे कळत नाहीये. मी वर्गात बावीस वर्षं नागरिकशास्त्र शिकवलं आणि मुलं पण दरवर्षी इथेच अडायची, तेव्हा आज जरा निवांत बोलू.

प्रश्न : ताई, मी बीएच्या दुसऱ्या वर्षाला आहे. जवळपास सगळ्याच देशांकडे लिखित राज्यघटना आहे, मग सगळीकडे घटनात्मक सरकार आहे असं लिहिलं तर चालेल का?

नाही चालणार, आणि तू विचारलंस ते फार बरं केलंस कारण सगळा विषय इथूनच सुरू होतो.

सोव्हिएत युनियनची १९३६ ची राज्यघटना काढून वाच. कलम १२५ मध्ये भाषणाचं, छपाईचं, सभेचं, मोर्चाचं स्वातंत्र्य दिलंय. कलम १२७ म्हणतं की कोर्टाचा निर्णय किंवा सरकारी अभियोक्त्याची मंजुरी असल्याशिवाय कुणाला अटक होणार नाही. कागदावर बघितलं तर त्या काळातल्या कितीतरी देशांपेक्षा भारी. आणि ती मंजूर झाल्यावर लगेचच्या दोन वर्षांत, १९३७ आणि ३८ मध्ये, तिथे साडेसहा लाखांच्या वर माणसांना गोळ्या घातल्या गेल्या, हा आकडा त्यांच्याच सुरक्षा खात्याच्या दप्तरातून निघालेला आहे. कलम तर होतं, मग अडलं कुठे? ज्याला अटक झाली त्याने ते कलम घेऊन जायचं कुणाकडे, हे अडलं. कोर्ट, पेपर, पार्लमेंट, वकील सगळे एकाच पक्षाच्या हाताखाली, त्यातला एकही जण ‘हे करता येणार नाही’ म्हणू शकत नव्हता, आणि म्हटलं असतं तर रात्री त्याच्याच दारावर थाप पडली असती.

आता उलटं उदाहरण बघ. ब्रिटनमध्ये ‘राज्यघटना’ असं नाव असलेलं एक पुस्तकच नाहीये. जुने कायदे, कोर्टाचे निकाल आणि वर्षानुवर्षं पाळलेले संकेत यांच्यावर सगळं चालतं. तरी २०१९ मध्ये तिथल्या पंतप्रधानांच्या सल्ल्यावरून पार्लमेंट पाच आठवडे बंद ठेवलं गेलं तेव्हा प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं, ११ न्यायाधीशांनी एकमताने ते बेकायदा ठरवलं, २४ सप्टेंबरला निकाल आला आणि दुसऱ्या दिवशी खासदार सभागृहात हजर. पुस्तक नाही पण अडवणारा आहे. म्हणून घटना असणं वेगळं आणि घटनात्मक सरकार असणं वेगळं, दुसऱ्यात सत्तेला खरोखरच्या हद्दी असतात आणि हद्द ओलांडली की थांबवणारं कुणीतरी जागेवर असतं.

प्रश्न : ‘कायद्याचं राज्य’ हा शब्द सारखा ऐकतो. पण कायदे तर हुकूमशहा पण करतातच की, उलट जास्तच करतात. मग त्यात विशेष काय?

तुमचा मुद्दा अगदी बरोबर आहे काका, आणि यावर मला माझा सगळ्यात आवडता खटला सांगायचाय.

१७६२ चा नोव्हेंबर, लंडन. सरकारवर टीका करणारं लिखाण करतो अशा संशयावरून जॉन एंटिक नावाच्या लेखकाच्या घरात राजाची चार माणसं घुसली. त्यांच्याकडे मंत्र्याच्या, म्हणजे लॉर्ड हॅलिफॅक्सच्या सहीचं वॉरंट होतं. चार तास घर उलथंपालथं केलं, कुलपं फोडली, कागद उचलून नेले. एंटिकने काय केलं, तर त्या माणसांवरच केस टाकली, की तुम्ही माझ्या घरात बेकायदा घुसलात. सरकारकडून सांगितलं गेलं की अशी वॉरंटं कायमच निघतात, राज्याच्या सुरक्षेसाठी हे गरजेचं आहे. १७६५ मध्ये न्यायाधीश लॉर्ड कॅम्डन यांनी निकाल दिला आणि त्याचा गाभा इतका साधा आहे की पाचवीतल्या मुलाला कळेल, असा अधिकार असेल तर तो आमच्या कायद्याच्या पुस्तकांत सापडला पाहिजे, आणि सापडत नसेल तर तो अधिकार नाहीच. राज्याची गरज आहे एवढं म्हणून चालणार नाही. एंटिकला ३०० पौंड भरपाई मिळाली.

यात बघा, नागरिकाला ‘मला हे करायची परवानगी आहे’ असं दाखवावं लागलं नाही, दाखवायची जबाबदारी सरकारी माणसावर आली. साध्या माणसाला जे मना केलेलं नाही ते सगळं करता येतं आणि सरकारला मात्र जेवढा अधिकार दिलाय तेवढंच करता येतं, कायद्याचं राज्य म्हणतात ते हे. हुकूमशहाकडे कायदे असतात पण ते खाली बसलेल्यांसाठी, त्याला स्वतःला ते लागू होत नाहीत, आणि काल संध्याकाळी केलेला कायदा परवाच्या गोष्टीसाठी वापरता येतो. कायदा आधी जाहीर झालेला पाहिजे, सगळ्यांना सारखा पाहिजे, मागच्या तारखेने शिक्षा नको, आणि निकाल देणारा सरकारचा नोकर नको, एवढं असेल तरच त्या शब्दाला अर्थ.

आणि हे एका दिवसात झालेलं नाही हो. १२१५ मध्ये इंग्लंडमध्ये रनीमीडच्या कुरणावर जॉन राजाने मॅग्ना कार्टा नावाचा हक्कांचा करारनामा मान्य केला तेव्हा त्यात लिहिलं होतं की देशाच्या कायद्याप्रमाणे निवाडा झाल्याशिवाय कुठल्याही स्वतंत्र माणसाला पकडणार नाही. दोनच महिन्यांत त्याने पोपकडून तो रद्दही करून घेतला! पुढच्या राजांच्या काळात तो परत परत काढला गेला म्हणून टिकला. १६०७ मध्ये जेम्स राजाला वाटलं की मी स्वतः खटले चालवीन, न्यायाधीश तरी माझेच नोकर ना, तेव्हा एडवर्ड कोक या सरन्यायाधीशाने त्याला तोंडावर सांगितलं की महाराज, तुम्हाला ते करता येणार नाही, राजा पण कायद्याच्या खालीच असतो. त्या काळात राजासमोर असं बोलायला किती धीर लागला असेल याचा विचार केला की मला आजही भरून येतं. १६८९ च्या बिल ऑफ राइट्स, म्हणजे हक्कांच्या कायद्याने, पार्लमेंटला न विचारता कर लावणं आणि कायदा गुंडाळून ठेवणं बंद केलं, आणि १७०१ च्या कायद्याने राजाला मनात येईल तेव्हा न्यायाधीश काढून टाकता येणार नाही असं ठरलं. साडेचारशे-पाचशे वर्षं गेली या एवढ्याला.

प्रश्न : सत्तेचे तीन भाग कशाला? एकाच हातात असेल तर कामं पटापट होतील की.

होतील ना, चुकीची पण पटापट होतील. कायदा करणारा, तो राबवणारा आणि त्यावरून निवाडा देणारा एकच असेल तर तुमच्याविरुद्ध कायदा तोच करणार, पकडणार तोच आणि शिक्षाही तोच देणार. माँतेस्क्यू या फ्रेंच विचारवंताने १७४८ मध्ये हे नीट मांडलं आणि १७८७ मध्ये फिलाडेल्फियाला अमेरिकेची घटना लिहिणाऱ्यांनी ते मनावर घेतलं. पण त्यांनी नुसत्या भिंती नाही घातल्या, प्रत्येकाला दुसऱ्याच्या घरात थोडा हात घालू दिला. काँग्रेसने, म्हणजे तिथल्या संसदेने, केलेलं विधेयक प्रेसिडेंट परत पाठवू शकतो, दोन्ही सभागृहांनी दोन तृतीयांश मतं जमवली तर त्याचा नकार मोडता येतो, न्यायाधीश प्रेसिडेंट सुचवतो पण सिनेट, म्हणजे संसदेचं वरचं सभागृह, मान्य करतं.

संसदीय पद्धतीत, म्हणजे ब्रिटन, भारत, कॅनडा वगैरे ठिकाणी, मंत्रिमंडळ सभागृहातूनच येतं आणि सभागृहाचा विश्वास गेला की घरी जातं, त्यामुळे पहिले दोन भाग तसे चिकटलेलेच असतात. तिथे सगळा भार विरोधी पक्ष, स्वतंत्र कोर्ट आणि निःपक्ष निवडणूक यांच्यावर येतो. दोन्ही पद्धतींत चांगलं-वाईट आहे, मी त्यात कुणाची बाजू घेणार नाही.

प्रश्न : आम्ही मतं देऊन सरकार निवडतो. मग जे निवडूनच आलेले नाहीत ते जज आमच्या सरकारचा कायदा रद्द कसा करतात? ही लोकशाही आहे का? (हा प्रश्न सात-आठ जणांनी विचारलाय, काहींनी बऱ्यापैकी चिडून)

चिडणं समजू शकते. यात खरोखरच एक ताण आहे आणि तो कधी पूर्ण सुटणारही नाही, म्हणून ‘तुम्हाला कळत नाही’ असं म्हणून मी हा प्रश्न उडवून लावणार नाही.

पहिलं म्हणजे कोर्टाने हा अधिकार आणला कुठून. अमेरिकेच्या घटनेत ‘कोर्ट कायदे रद्द करू शकेल’ असं स्पष्ट वाक्य नाहीये. १८०३ च्या मार्बरी विरुद्ध मॅडिसन खटल्यात जॉन मार्शल या सरन्यायाधीशाने सरळ हिशोब मांडला, की घटना हा सगळ्यात वरचा कायदा असेल आणि साधा कायदा तिच्या विरुद्ध जात असेल तर कोर्टाने दोन्हीतला वरचाच लावायला हवा, नाहीतर घटना लिहिली कशाला? भारतात हा प्रश्नच ठेवला नाही, कलम १३ मध्ये स्वच्छ लिहिलं की मूलभूत हक्कांच्या विरुद्ध जाणारा कायदा तेवढ्यापुरता रद्द. आणि हक्क मोडला तर थेट सुप्रीम कोर्टात जायचा रस्ता कलम ३२ ने दिला, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ज्याला घटनेचा आत्मा आणि हृदय म्हटलं ते हेच कलम. किती मोठी समज आहे बघा यात, नुसता हक्क देऊन भागत नाही, तो मोडला तर दार कुठलं वाजवायचं हे पण सांगावं लागतं. वर १९३६ च्या सोव्हिएत घटनेत जे नव्हतं ना, तेच.

दुसरं, बहुमताला हद्द का. २३ मार्च १९३३, बर्लिन. संसदेची इमारत महिनाभरापूर्वी जळालेली म्हणून एका ऑपेराच्या इमारतीत सभागृह भरलं. कम्युनिस्ट सदस्यांना आधीच पकडलेलं किंवा ते लपलेले, दारात आणि आतमध्ये गणवेशातले नाझी गुंड उभे. आणि ४४४ विरुद्ध ९४ मतांनी एक कायदा पास झाला की यापुढे हिटलरच्या सरकारला संसदेशिवाय कायदे करता येतील, घटनेच्या विरुद्ध जाणारे सुद्धा. फक्त सोशल डेमोक्रॅट सदस्यांनी विरोधात मत दिलं. दोन तृतीयांश मतं, सगळं नियमात बसवलेलं, आणि जर्मनीची तेव्हाची घटना, म्हणजे १९१९ ची वायमार घटना, कधी औपचारिकपणे रद्द पण केली नाही कारण त्याची गरजच उरली नाही. लोकांनी निवडलेल्यांनीच लोकांच्या हातातून सगळं काढून घेतलं आणि एकदा गेल्यावर परत मागायला जागाच राहिली नाही.

म्हणून १९४९ मध्ये पश्चिम जर्मनीने नवी घटना केली तेव्हा कलम ७९ मध्ये लिहिलं की काही गोष्टी कितीही मतं असली तरी बदलता येणार नाहीत, त्यात माणसाची प्रतिष्ठा आली, लोकशाही आली, संघराज्य आलं. भारतात घटनेत तसं वाक्य नव्हतं, ते कोर्टाने २४ एप्रिल १९७३ ला केशवानंद भारती खटल्यात सांगितलं, १३ न्यायाधीश, ६८ दिवस सुनावणी आणि ७ विरुद्ध ६ असा निकाल, म्हणजे अगदी एका मताने. संसद घटनादुरुस्ती करू शकते पण घटनेची मूलभूत चौकट मोडू शकत नाही. एका मतावर एवढी मोठी गोष्ट ठरावी का असं अजूनही विचारलं जातं आणि ते विचारणं योग्यच आहे, पण मला स्वतःला तो निकाल बरोबर वाटतो. आजचं बहुमत उद्याच्या मतदारांचाच हक्क काढून घेऊ शकत असेल तर उद्याच्या मतदारांच्या वतीने कुणी बोलायचं?

मात्र एक, जज पण माणसंच आहेत आणि त्यांच्यावरही हद्द पाहिजे. उघड सुनावणी, कारणं देऊन लिहिलेला निकाल, वरचं कोर्ट, निवृत्तीचं वय किंवा ठरलेली मुदत, आणि गैरवर्तन केलं तर काढून टाकायची वाट. यातलं काही ढिलं असेल तर तक्रार जरूर करा, ते घटनेच्या विरुद्ध बोलणं नाहीये.

प्रश्न : कोर्टाकडे ना पोलीस ना सैन्य ना पैसा. प्रेसिडेंटने निकाल मानला नाही तर कोर्ट काय करणार?

काहीच करू शकणार नाही. म्हणूनच तो मानला जातो हे आश्चर्य आहे, आणि काही वेळा मानला गेलेला नाही हेही सांगायला हवं.

आधी मानलेलं सांगते. १९५२, कोरियाचं युद्ध चालू, अमेरिकेतल्या पोलाद कारखान्यांत संप होणार म्हणून प्रेसिडेंट ट्रुमन यांनी कारखाने सरकारच्या ताब्यात घेतले. काँग्रेसने तसा अधिकार दिलेला नव्हता. सुप्रीम कोर्टाने ६ विरुद्ध ३ मतांनी सांगितलं परत करा, आणि ते नऊच्या नऊ न्यायाधीश एकतर ट्रुमन यांनी नाहीतर त्यांच्याच पक्षाच्या आधीच्या प्रेसिडेंटने नेमलेले होते. युद्ध चालू असताना, सगळं सैन्य हाताखाली असताना ट्रुमन यांनी कारखाने परत दिले. मग १९७४ मध्ये निक्सन. वॉटरगेट, म्हणजे विरोधी पक्षाच्या ऑफिसातली घुसखोरी आणि ती दडपण्याचं प्रकरण, त्यातल्या त्यांच्या बोलण्याच्या टेप द्या असं कोर्टाने २४ जुलैला ८ विरुद्ध ० ने सांगितलं, निकाल लिहिणारे सरन्यायाधीश निक्सन यांनीच नेमलेले. टेप दिल्या तर आपण संपलो हे त्यांना माहीत होतं. तरी दिल्या, आणि ९ ऑगस्टला पद सोडलं.

आता न मानलेलं. १८३२ मध्ये त्याच सुप्रीम कोर्टाने सांगितलं की चेरोकी या तिथल्या मूळ रहिवासी लोकांच्या जमिनीवर जॉर्जिया राज्याचे कायदे चालणार नाहीत. जॉर्जियाने ऐकलं नाही आणि प्रेसिडेंट जॅक्सन यांनी चेरोकींना वाचवण्यासाठी काही केलं नाही. १८३८ मध्ये सैन्य लावून त्या लोकांना घरातून काढलं, शेकडो मैल चालवत नेलं, हजारो माणसं त्यात मेली. कोर्ट तेच, घटना तीच. फरक कशात पडला? माझ्या समजुतीप्रमाणे हा फरक, की ट्रुमन आणि निक्सन यांना ठाऊक होतं की निकाल मोडला तर काँग्रेस, पेपर, स्वतःच्या पक्षातली माणसं, हाताखालचे अधिकारी कुणीच आपल्या मागे उभं राहणार नाही. चेरोकींच्या वेळी मत देणाऱ्या गोऱ्या लोकांना त्या जमिनी हव्याच होत्या, त्यामुळे प्रेसिडेंटला काही किंमत मोजावी लागली नाही. कोर्टाचा निकाल हा कागदच असतो, त्याला वजन बाकीच्यांकडून येतं, आणि ज्यांच्या बाजूने बोलणारं कुणी नसतं त्यांच्या वाट्याला नुसता कागद येतो. हे लिहिताना मला वाईट वाटतं पण ते लपवून घटना शिकवता येत नाही.

प्रश्न : युद्ध, दंगल अशा वेळी घटना बाजूला ठेवावीच लागते ना? घर जळत असताना नियम कोण बघत बसतं?

घर जळतंय हे ठरवणार कोण, सगळं त्यावर आहे. बहुतेक सगळ्या घटनांमध्ये आणीबाणीची तरतूद असते आणि ती असायलाही हवी, पण जाहीर करणारा एक आणि थांबवू शकणारा दुसरा असं हवं. वायमार घटनेचं कलम ४८ प्रेसिडेंटला वटहुकूम काढायला मोकळं सोडायचं, १९३० पासून तर संसदेऐवजी वटहुकुमांवरच कारभार चालला आणि २८ फेब्रुवारी १९३३ ला, संसद जळाल्याच्या दुसऱ्या दिवशी, त्याच कलमाखाली भाषण, सभा, घराची गोपनीयता असे हक्क काढून घेतले गेले. ते परत मिळाले नाहीत.

त्याच्या शेजारी दक्षिण कोरिया ठेवून बघा, अगदी अलीकडचं आहे. ३ डिसेंबर २०२४ ची रात्र, साडेदहाच्या सुमारास प्रेसिडेंट युन यांनी टीव्हीवर येऊन मार्शल लॉ, म्हणजे लष्करी अंमल, जाहीर केला, राजकीय हालचाली बंद, सैनिक नॅशनल असेंब्लीच्या, म्हणजे त्यांच्या संसदेच्या, आवारात. पण त्यांच्या घटनेच्या कलम ७७ मध्ये लिहिलंय की असेंब्लीच्या एकूण सदस्यांपैकी निम्म्याहून जास्तांनी मागणी केली तर प्रेसिडेंटला मार्शल लॉ उठवावाच लागेल. म्हणजे ३०० पैकी १५१ जण आत पोचायला हवे होते. गेटवर अडवलं तेव्हा खासदार कुंपणावरून चढून आत गेले, कर्मचाऱ्यांनी टेबल-खुर्च्या लावून दारं अडवली, बाहेर थंडीत लोक जमले. रात्री एकच्या सुमारास १९० जण आत होते आणि १९० च्या १९० मतं मार्शल लॉ उठवायच्या बाजूने, प्रेसिडेंटच्या स्वतःच्या पक्षाचे काही जण सुद्धा त्यात. पहाटे साडेचारला मार्शल लॉ उठला. पुढे महाभियोग झाला आणि ४ एप्रिल २०२५ ला तिथल्या घटना कोर्टाने ८ विरुद्ध ० ने त्यांना पदावरून काढलं. एक ओळ लिहिलेली होती म्हणून त्या लोकांना कुंपण चढून आत जायला कारण मिळालं, आणि ते चढले म्हणून त्या ओळीला अर्थ आला. दोन्ही लागतं.

भारतातला अनुभव पण याच रांगेतला. १९७५ च्या आणीबाणीत पकडलेल्यांनी कोर्टात जायचं की नाही हा प्रश्न १९७६ मध्ये सुप्रीम कोर्टापुढे आला. न्यायमूर्ती खन्ना यांनी सरकारी बाजूला विचारलं की उद्या बेकायदा कुणाचा जीव घेतला तरी दाद मागता येणार नाही का, आणि उत्तर आलं की आणीबाणी असेपर्यंत नाही. चार न्यायाधीशांनी सरकारचं म्हणणं मान्य केलं, एकट्या खन्नांनी नाही. जानेवारी १९७७ मध्ये ज्येष्ठता त्यांची असून सरन्यायाधीशपद दुसऱ्याला दिलं गेलं आणि त्यांनी राजीनामा दिला. १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने आणीबाणीत सुद्धा जगण्याचा हक्क गोठवता येणार नाही असं केलं, ‘अंतर्गत अशांतता’ हे मोघम कारण काढून ‘सशस्त्र उठाव’ घातलं, आणि २०१७ मध्ये नऊ न्यायाधीशांच्या खंडपीठाने तो १९७६ चा निकाल चुकीचाच होता असं सांगितलं. एकेचाळीस वर्षांनी का होईना.

प्रश्न : घटना बदलणं इतकं अवघड का ठेवतात? काळ बदलतो ना.

थोडक्यात सांगते. फार सोपं ठेवलं तर प्रत्येक सरकार आपल्या सोयीने बदलेल, फार अवघड ठेवलं तर लोक घटनाच फेकून देतील. अमेरिकेत आजवर फक्त २७ दुरुस्त्या झाल्यात आणि सत्ताविसावी, खासदारांनी स्वतःचा वाढवलेला पगार पुढच्या निवडणुकीनंतरच लागू व्हावा अशी, १७८९ मध्ये सुचवलेली आणि १९९२ मध्ये मंजूर झाली. भारताने तीन पायऱ्या ठेवल्या, काही गोष्टी साध्या बहुमताने, काही विशेष बहुमताने, आणि राज्यांच्या अधिकारांना हात लागत असेल तर निम्म्या राज्यांच्या विधानसभांची पण संमती. मला ही पायऱ्यांची कल्पना जास्त शहाणी वाटते.

प्रश्न : हरलेला नेता खुर्ची सोडायला नाहीच म्हणाला तर? तेव्हा घटना काय करते?

हा प्रश्न नववीतल्या एका मुलाने पाठवलाय आणि मोठ्यांच्या सगळ्या प्रश्नांत मला हाच सगळ्यात कठीण वाटला.

बघ बाळा, चांगल्या घटनेत त्याला ‘सोडतोस का’ असं विचारायचं कामच ठेवलेलं नसतं. मुदत आधीच लिहिलेली असते. अमेरिकेच्या विसाव्या दुरुस्तीत तर तारीख आणि वेळ आहे, २० जानेवारी, दुपारी १२. त्या क्षणी जुना प्रेसिडेंट साधा नागरिक होतो, त्याने राजीनामा दिलेला असो नसो. १८०१ मध्ये जॉन ॲडम्स निवडणूक हरले, इतके दुखावले होते की जेफर्सन यांच्या शपथविधीला न थांबता त्या दिवशी पहाटेच गाव सोडून गेले, पण गेले.

आणि जो जात नाही त्याची गोष्ट गाम्बियाची. पश्चिम आफ्रिकेतला छोटासा देश, १९९४ मध्ये बंड करून आलेले याह्या जामे तिथे २२ वर्षं सत्तेवर. डिसेंबर २०१६ च्या निवडणुकीत ते अदामा बॅरो यांच्याकडून हरले, टीव्हीवर हार मान्य केली, आणि आठवड्याभरात म्हणाले की मला निकाल मान्य नाही. मुदत संपायला दोन दिवस असताना आणीबाणी लावली आणि संसदेने त्यांची मुदत तीन महिने वाढवून पण दिली, म्हणजे कागद हातात होता बरं का. १९ जानेवारी २०१७ ला मुदत संपली. बॅरो त्या दिवशी आपल्या देशात सुद्धा नव्हते, शेजारच्या सेनेगलमध्ये, डकारला, गाम्बियाच्या वकिलातीतल्या छोट्याशा खोलीत त्यांनी शपथ घेतली. शेजारी देशांनी त्यांनाच प्रेसिडेंट मानलं आणि सैन्य सीमेवरून आत पाठवलं, गाम्बियाच्या लष्करप्रमुखाने सांगितलं की आमचे सैनिक या भांडणात लढणार नाहीत, मंत्री एकेक करून सोडून गेले. २१ तारखेच्या रात्री जामे विमानात बसून देश सोडून गेले. २६ जानेवारीला बॅरो परत आले तेव्हा विमानतळापासून रस्त्याच्या दोन्ही बाजूंना माणसंच माणसं उभी होती.